गोळी सुटली, जाळं सुटलं नाही



आज बोटुकलीचा दर नाही, तलावाच्या ठेक्याची बातमी नाही. आज कंबरदुखीवर लिहितोय. जरा लांब आहे, पण अर्ध्यावर सोडू नका. हे दुखणं तुमच्या-आमच्या घरातलंच आहे.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आपले एक जुने सभासद पहाटे जाळं ओढता ओढता होडीतच पेंगले आणि कलंडून पाण्यात पडले. त्यांचं नाव लिहीत नाही, तात्या म्हणूया. त्यांनी स्वतःच "लिवा की, दुसऱ्या कुणाचं तरी भलं हुईल" म्हणून परवानगी दिली आहे. पुतण्या बरोबर होता म्हणून निभावलं. तीस वर्षं पाण्यात काढलेला माणूस असा बुडायला यावा, हे आम्हाला पटेना. आधी वाटलं दारू असेल. पण तात्या दारूला शिवत नाहीत. मग खिशात भिजलेली पाकिटं निघाली. वेदनाशामक गोळ्या, ट्रामाडॉल असलेल्या. दिवसाला सहा-सात, आणि हे तीन वर्षं चाललेलं.

सुरुवात साधी होती. कंबर धरली, डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. आराम पडला. पुढच्या वेळी डॉक्टरकडं कोण जातंय? जुनं पाकीट दाखवलं, दुकानातून गोळी मिळाली. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. मध्ये दोनदा तात्यांनी बंद करून बघितलं. दुसऱ्या दिवशी नाक वाहायला लागलं, जांभया, घाम, पोटात मुरडा, पाय जागेवर ठरेनात, आणि कंबर दुप्पट दुखायला लागली. तात्या म्हणाले, "बघा, कंबर पार गेलीया, गोळीबिगर जमत न्हाई." खरं तर त्यातलं बरंचसं गोळी एकदम तोडल्याचं होतं. कंबरेच्या दुखण्यात ते मिसळलं होतं आणि तात्यांना दोन्ही एकच वाटत होतं.

ही गोळी म्हणजे नेमकं काय?

सगळ्या वेदनाशामक गोळ्या एका जातीच्या नसतात. पॅरासिटामॉल वेगळी, डायक्लोफिनॅकसारखी सूज कमी करणारी वेगळी. तिची सवय लागत नाही, पण मनानं रोज खाल्ली तर पोट आणि किडनीला भारी पडते. तिसरी जात अफूच्या कुळातली. मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल ही त्यातली नावं. ही औषधं मेंदूतल्याच काही जागांवर जाऊन बसतात आणि दुखणं दाबतात. सोबत गुंगी आणतात, पोट बांधतात, श्वास मंदावतात. दारू किंवा झोपेची गोळी वर घेतली तर श्वास जीवघेणा मंदावू शकतो. ट्रामाडॉल जास्त झाली तर झटकेही येतात. पाण्यावर काम करणाऱ्या माणसाला यातलं काहीही झालं तर काय होईल, ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणूनच केंद्र सरकारनं एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणली. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाही, दुकानदाराला वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते. तात्यांना कुठून मिळाली, ते इथं लिहीत नाही. दुकानाकडं बोट दाखवणं सोपं आहे, पण जुनं पाकीट पुढं करणारा हात आपलाच असतो.

हे फक्त तात्यांचं नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं केलेला देशभराचा व्यसन-अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. त्यात औषधाच्या रूपातली ही अफू गैरमार्गानं घेणारे देशात १ टक्क्याच्या जवळपास, म्हणजे शंभरात एक माणूस, असं दिसलं. अमेरिकेत तर १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन नावाची अशीच गोळी बाजारात आली. तिची सवय फारशी लागत नाही, असं डॉक्टरांना सांगण्यात आलं. २००७ मध्ये त्या कंपनीनं ही दिशाभूल कोर्टात कबूल केली. तोवर गावंच्या गावं अडकली होती. मग स्वस्त हेरॉईन आलं, त्यामागून फेंटानिल आलं, आणि २०२२ या एका वर्षात तिथं ८० हजारांवर माणसं या कुळातल्या पदार्थांच्या अतिसेवनानं गेली.

एक गोष्ट ठासून सांगतो. कॅन्सरचं दुखणं, मोठं ऑपरेशन, मोठा अपघात, तिथं हीच औषधं देवासारखी धावून येतात. कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये कायदाही बदलला. घरात असा रुग्ण असेल तर हा लेख वाचून त्याची गोळी बंद करू नका. आम्ही बोलतोय ते कंबर, मान, गुडघा या वर्षानुवर्षं चालणाऱ्या दुखण्याबद्दल. त्यात या गोळ्यांचा फायदा फारसा नाही. अमेरिकेत २४० माजी सैनिकांवर वर्षभर तपासून बघितलं. एका गटाला अफूच्या कुळातली औषधं, दुसऱ्याला साधी. २०१८ मध्ये निकाल आला: कामकाजात दोन्ही गट सारखेच, आणि दुखणं साध्या औषधांच्या गटात थोडं कमीच.

दुखणं कंबरेत, की डोक्यात?

तात्यांना बेळगावच्या एका डॉक्टरांकडं नेलं. तपासणी झाली, फोटो झाले. मणक्यात वयाप्रमाणं झीज होती, पण नस दबलेली नव्हती. डॉक्टरांनी गोळी कमी करायचा बेत सांगितला आणि सोबत मानसोपचार विभागात जायची चिठ्ठी दिली. तात्या तिथंच उठून उभं राहिले. "मला काय येडं समजलासा व्हय?"

खरं सांगायचं तर त्या वेळी आम्हालाही तसंच वाटलं. म्हणून जे आम्हाला नंतर समजलं, ते तुमच्यापुढं ठेवतो.

शिंगाळ्याचा काटा हाताला लागतो तेव्हा काय होतं, आठवा. जाळ्यात मासा भरपूर असेल, ओढायची घाई असेल, तर लागलेलं कळतसुद्धा नाही. काठावर आल्यावर रक्त दिसतं आणि मग ठणका सुरू होतो. जखम तीच, हात तोच, पण मधला अर्धा तास दुखणं कुठं गेलं होतं? १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी याचं उत्तर मांडलं. अंगातून निघालेली खबर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून मेंदूकडं जाते, आणि तिथं वाटेत एक दरवाजा आहे. हिडकल धरणाच्या दरवाजासारखा म्हणा. तो कधी पूर्ण उघडा, कधी अर्धा, कधी जवळजवळ बंद. आणि त्याचं चाक फिरवण्यात मेंदूचाही हात असतो. भीती, काळजी, जागरण, रिकामं बसणं यानं दरवाजा उघडतो. कामात मन गुंतणं, चांगली झोप, धीराचा शब्द यानं तो मिटतो.

दुखणं तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की डॉक्टर त्याला जुनाट दुखणं म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत त्याला स्वतःची वेगळी जागा आहे. कारण अशा दुखण्यात पुष्कळदा जखम भरलेली असते, पण खबर देणारी यंत्रणाच हळवी होऊन बसलेली असते. राखणीचं कुत्रं बघा. चोर आला की भुंकतं, ते त्याचं कामच आहे. पण एकदा घरात चोरी झाली की तेच कुत्रं पान हललं तरी रात्रभर भुंकत राहतं. भुंकणं खोटं नसतं, चोर मात्र नसतो. त्याला गुंगीचं औषध घालून किती दिवस गप्प बसवणार? त्याला पुन्हा शिकवावं लागतं.

म्हणजे दुखणं मनाचं नाही. ते शंभर टक्के खरं आहे. पण त्याच्याकडं जाणारी एक वाट मनातून जाते, आणि त्या वाटेनंही इलाज होतो.

आपल्या भागाला हे वेगळं सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या पुरात वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं. जाळी गेली, होड्या गेल्या, कर्ज राहिलं. तात्यांची कंबर त्याच सुमाराला जास्त धरली. मणका तोच होता, पण दरवाजाचं चाक काळजीनं फिरवलेलं होतं.

मग हा इलाज करतात तरी कसा?

याची मुळं सुमारे साठ वर्षांपूर्वीची आहेत. अमेरिकेत सिअॅटलच्या विद्यापीठात विल्बर्ट फोर्डाइस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी दोन गोष्टी उलट्या केल्या. एक, गोळी दुखलं की नाही, तर घड्याळाप्रमाणं द्यायची, आणि तिचा डोस हळूहळू उतरवत न्यायचा. दोन, कामही दुखेपर्यंत नाही, तर ठरलेल्या मापानं करायचं. पुढं यात विचार तपासण्याची पद्धत आली, आणि १९७९ पासून जॉन काबट-झिन यांनी बौद्ध ध्यानाच्या परंपरेतून घेतलेलं ध्यान अमेरिकेतल्या दवाखान्यात आणलं. इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आलेल्यांना त्यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

तात्यांना जे शिकवलं ते थोडक्यात असं:

१) घड्याळानं काम. तात्यांची जुनी रीत म्हणजे ज्या दिवशी कमी दुखेल त्या दिवशी दोन दिवसांचं काम उरकायचं, मग तीन दिवस आडवं. यानं कुत्रं जास्तच भुंकतं. आता नियम असा: पंचवीस मिनिटांनी दुखायला लागत असेल तर वीस मिनिटांनीच थांबायचं, अंग सैल करायचं, पुन्हा वीस मिनिटं. चांगला दिवस असो की वाईट, माप तेच. आणि दर आठवड्याला थोडं वाढवायचं.

२) भ्यालेली हालचाल परत शिकणं. तात्यांनी वाकणंच सोडलं होतं. फिजिओथेरपिस्टनं आधी रिकामी पाटी उचलायला लावली, मग थोडी भरलेली, मग ओलं जाळं. प्रत्येक वेळी काही मोडलं नाही, हे मेंदूला दाखवून द्यायचं. सांगून त्याला पटत नाही.

३) डोक्यातलं वाक्य पकडणं. ठणका आला की मनात काय येतं? "कंबर गेली, आता मी कामातनं गेलो, पोरांचं कसं हुणार." या एका वाक्यानं छाती धडधडते, पाठीचे स्नायू ताठतात, दुखणं वाढतं. ते वाक्य पकडायचं आणि खरंखुरं वाक्य जागेवर ठेवायचं: "काल पण असाच ठणका आला हुता, तासाभरानं उतरला."

४) श्वास आणि लक्ष. दिवसातून दोनदा दहा मिनिटं पोटानं हळू श्वास. मग डोक्यापासून पायापर्यंत एकेका जागी लक्ष फिरवायचं. दुखऱ्या जागीही थांबायचं, पण तिच्याशी भांडायचं नाही. तात्यांना हे आधी थोतांड वाटलं. मग म्हणाले, "गळ टाकून बसल्यावर असंच तर बसतो आम्ही."

५) झोप. रात्रीच्या मासेमारीनं झोपेचं वेळापत्रक मोडतं. ज्या दिवशी पाण्यावर जायचं नाही त्या दिवशी तरी उठायची वेळ एकच ठेवायची, संध्याकाळनंतर चहा बंद.

६) घरच्यांचं वागणं. काकू दर तासाला विचारायच्या, "दुखतंय काय?" प्रेमानंच विचारायच्या. पण दर वेळी लक्ष पुन्हा कंबरेवर जायचं. आता त्या विचारतात, "आज किती फेऱ्या झाल्या?"

यानं खरंच फरक पडतो का?

पडतो, पण चमत्कार होत नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. २०२० मध्ये जगभरातले ७५ अभ्यास, एकूण ९,४०१ रुग्ण, एकत्र तपासले गेले. विचार आणि वागणूक बदलण्याच्या या पद्धतीनं दुखणं, कामातली अडचण आणि मनाचा त्रास, तिन्हींत फायदा झाला, पण सरासरीनं तो लहान होता. कुणाला जास्त, कुणाला नाहीच.

गोळी कमी करण्यात मात्र चित्र जास्त आशेचं आहे. अमेरिकेतल्याच एका अभ्यासात जुनाट दुखणं असलेले आणि अफूच्या कुळातली औषधं गैरपद्धतीनं घेणारे २५० जण होते. अर्ध्यांना ध्यान, विचार बदलणं आणि आयुष्यातल्या बारीक आनंदाकडं लक्ष देणं आठ आठवडे शिकवलं. बाकीच्यांना नुसता आधाराचा गट. नऊ महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४५ टक्के लोकांचा गैरवापर सुटला, दुसऱ्या गटात २४ टक्के. हा निकाल २०२२ चा.

"हे सगळं शिकलेल्यांसाठी" असं कुणी म्हणेल. तर अलाबामा राज्यात हेच शिक्षण गरीब आणि कमी शिकलेल्या २९० रुग्णांना सोप्या भाषेत, गटात बसवून, दहा आठवडे दिलं गेलं. नुसती दुखण्याबद्दलची समज देणारा गटही सोबत होता. दोन्ही गटांचं दुखणं नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त उतरलं. गटात बसण्याची ताकद आपल्याला नवी नाही. अनिल आणि अनिता अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून सुटलेला माणूसच नव्याला हात देतो. आपली संस्थाही त्याच तत्त्वावर उभी आहे. एकट्याला जे ओढत नाही ते जाळं दहाजण ओढतात.

हे चार नियम पाठ करा

एक: ही गोळी एकदम बंद करू नका. अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१९ मध्ये याबद्दल मुद्दाम इशारा दिला होता. एकदम तोडल्यानं शरीराचे हाल होतात आणि माणूस जिवाचं बरंवाईट करून घेण्यापर्यंत जाऊ शकतो. डोस डॉक्टरच उतरवतील, हळूहळू. कधी त्यासाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखं दुसरं औषध देतात, तेही त्यांच्याच देखरेखीखाली.

दोन: गोळी घेत असाल तर होडीत एकटं जाऊ नका, आणि वर दारू नको म्हणजे नको.

तीन: काही लक्षणं दिसली तर ध्यान-श्वास बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवी-संडासवरचा ताबा जाणं, पाय लुळा पडणं, मांडीच्या आतल्या बाजूला बधिरपणा, कंबरदुखीबरोबर ताप, कारण नसताना वजन उतरणं, छातीत दुखणं.

चार: बायकांचं दुखणं घरकाम म्हणून सोडून देऊ नका. डोक्यावर पाटी घेऊन बाजार करणाऱ्या, आणि मासळी नसेल तेव्हा विड्या वळत मान खाली घालून बसणाऱ्या आपल्या भगिनींची मान-पाठ आपल्यापेक्षा कमी दुखत नाही. त्या नुसत्या बोलत नाहीत. त्यांच्या पिशवीतही हेच पाकीट असू शकतं.

कुठं जायचं?

बेळगावात जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, मानसोपचार विभाग आहे. धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. निपाणीकडच्यांना कोल्हापूरचं सीपीआर जवळ पडतं. यातलं काही जमत नसेल तर फोन उचला. टेलि-मानस, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट. व्यसनाबद्दल बोलायचं तर १४४४६. भाषेची भीती धरू नका. टेलि-मानसवर मराठीत बोलायची सोय आहे, मराठीत बोलायचं म्हणून सांगा.

तात्यांचं पुढं काय झालं?

आठ महिने लागले. दोनदा घसरले. एकदा तर पुतण्यालाच पाकीट आणायला पाठवलं होतं, त्यानं आणलं नाही, घरात दोन दिवस अबोला. शेवटची गोळी दिवाळीनंतर सुटली. कंबर आजही दुखते, सकाळी जास्त. पण आता ते पाण्यावर दोन तास नीट काम करतात, मध्ये घड्याळ बघून थांबतात, आणि पोरं हसली तर म्हणतात, "हसा, तुमची बी कंबर याच वाटेनं जाणार हाय."

संस्थेनं मागच्या मासिक बैठकीत तीन गोष्टी ठरवल्या. पहाटेच्या आणि रात्रीच्या फेरीला होडीत किमान दोघं. महिन्याच्या पहिल्या रविवारी ऑफिसात दुखण्यावर तासाभराची बैठक. तात्या स्वतः बसतील, बायकांनी पण यायचं. आणि गोळीची सवय सांगितली म्हणून कुणाचं सभासदत्व, कर्ज किंवा पाळी अडणार नाही. सांगितलेलं ऑफिसाबाहेर जाणार नाही.

घरात जाऊन आज एवढं करा. औषधाचा डबा उघडा, पाकिटामागची नावं वाचा. कळत नसेल तर पाकीट घेऊन ऑफिसात या, आपण मिळून डॉक्टरांना विचारू. आणि ज्याच्या कंबरेला हात लागलेला दिसतो त्याला हा लेख वाचून दाखवा.

पाणी भरपूर असू दे, जाळं भरलेलं असू दे, आणि ते ओढणारा शुद्धीवर असू दे.